आधी पेढा चोख कर

अगं, किती गोष्टी एका दमात विचारल्यास! पेढा बार्शीच्या दुकानात ठेवायला द्यावा का, शेंगदाण्याची चटणी पण सुरू करावी का, डब्यावर छापील नाव हवं का, लेकीच्या दहावीकडे लक्ष कधी द्यायचं, सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय करायचं. आणि सगळ्यात शेवटी म्हणालीस, ताई, मला घर पण उत्तम चालवायचंय आणि धंदा पण. खरं सांगू का, ते ऐकून तुझा अभिमान वाटला आणि लगेच काळजीही वाटली. सगळंच एका वेळी उत्तम करायला निघालेली बाई आधी झोप सोडते, मग वेळेवरचं जेवण सोडते, आणि एक दिवस भट्टीच विझवून टाकते. तुझं तसं व्हायला नको गं. तुझ्या हाताला चव आहे, डोकं ठिकाणावर आहे, आणि गिऱ्हाईकाशी दोन शब्द प्रेमाने बोलायची तुझी रीत तर शिकवून येत नाही. तेव्हा नीट ऐक.

सुरुवात पेढ्यापासून. चटणी, मसाला, पापड, सगळं थोडं थांबू दे. तुझ्या सोनारीत काळभैरवनाथाच्या दर्शनाला माणसं बारा महिने येतात, चैत्रातल्या यात्रेला तर गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत काहीही विकलं जातं. म्हणून यात्रेतली विक्री बघून स्वतःला शाबासकी देऊ नकोस. माझा निकष वेगळा आहे बघ. आषाढातल्या एखाद्या ओल्या मंगळवारी, देवळात चार माणसं असताना, तू केलेला पेढा यात्रेतल्या पेढ्याच्या तोडीचा आहे का? तोच रंग, तेवढीच साखर, तेवढंच वजन? ज्या दिवशी याचं उत्तर डोळे मिटून 'हो' असं देशील, त्या दिवशी तुझा पेढा उत्तम झाला. चांगला पेढा कधीतरी सगळ्यांनाच जमतो. रोज तोच जमणं अवघड आहे, आणि गिऱ्हाईक परत येतं ते त्याच्यासाठीच.

आता तू म्हणशील, रोज दूधच सारखं नसतं तर पेढा सारखा कसा होणार? बरोबर आहे. म्हणूनच मोजायचं. म्हशीचं चांगलं दूध असेल तर चार-साडेचार लिटरला किलोभर खवा पडतो, गाईचं असेल तर पाच-सहा लिटर लागतं. दूध पातळ आलं की खवा कमी पडतो, मग हात आपोआप साखरेकडे जातो आणि पेढा गोडमिट्ट होतो. तेव्हा साखर अंदाजाने टाकायची नाहीच. आधी खवा तोलायचा, मग त्याच्या हिशेबाने साखर तोलायची. एक चांगला तोलकाटा घे आणि तो फक्त पेढ्यासाठी ठेव, घरच्या डाळ-तांदळाला लावू नकोस. एक वहीही घे. तारीख, दूध किती आणि कुणाकडून, खवा किती पडला, साखर किती, पेढे किती झाले, किती उरले. एवढंच लिहायचं. महिनाभराने ती वही तुला अशा गोष्टी सांगेल की तू थक्क होशील. कुणाच्या दुधाला खवा कमी पडतो ते कळेल, कोणत्या वारी किती करायचं ते कळेल.

बाहेरून खवा विकत घ्यायची वेळ आली, आणि यात्रेत ती येणारच, तर तपासल्याशिवाय एक गोळाही आत घ्यायचा नाही. थोडा खवा पाण्यात उकळ, पूर्ण गार होऊ दे, मग मेडिकलमध्ये मिळतं त्या टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाक. निळा रंग आला तर त्यात पिठूळ भेसळ आहे. मग विकणारा ओळखीचा असो की पाहुण्यातला, परत पाठव. इथे भिडस्तपणा करू नकोस गं. देवाचा प्रसाद म्हणून माणसं तो पेढा लहान लेकराच्या तोंडात घालतात.

आणि एक सांगते, रागावू नकोस. तुला कुणीतरी सुचवलंय ना, डब्यावर 'कुंथलगिरी' लिही म्हणजे पटापट खपेल? अजिबात लिहू नकोस. आपल्या शेजारच्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भागातल्या भट्ट्यांवर पिढ्यान् पिढ्या घाम गाळलेल्या माणसांचं ते नाव आहे, आणि ठरवून दिलेल्या भागातल्या, रीतसर नोंदणी केलेल्या उत्पादकालाच ते वापरता येतं. तू सोनारीची आहेस, तर सोनारी लिही. भैरवनाथाच्या गावचा पेढा म्हटल्यावर सोलापूरपर्यंतचा माणूस ओळखतो. दुसऱ्याच्या नावावर खपलेला माल आपल्याला मोठं करत नाही. कुंथलगिरीकडून घ्यायचंच असेल तर एवढं घे, की एका जिनसावर वर्षानुवर्षं टिकून राहिलं तर छोट्याशा गावाचं नाव कुठल्या कुठे जातं.

डब्याचं विचारलंस ना? सोनारीत डबा कसा असावा हे ठरवायचा मान माकडांचा आहे! उघडा पुडा हातात घेऊन देवळाबाहेर आलेल्या भाविकाचं काय होतं ते तू रोज बघतेस. घट्ट झाकणाचा पुठ्ठ्याचा डबा आणि वर कापडी पिशवी दे. पातळ प्लास्टिकची पिशवी नकोच, ती ओढून नेली की पेढ्याबरोबर प्लास्टिकही त्या मुक्या जीवाच्या पोटात जातं. गिऱ्हाईकाला हसून सांग, मावशी, पेढा पिशवीत ठेवा, गाडीत बसल्यावर उघडा. एवढ्या एका वाक्याने त्यांचा प्रसाद वाचतो आणि तू त्यांच्या लक्षात राहतेस. डब्यावर वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचा ते, आणि तुझा नंबर. सोनेरी अक्षरं, देवाचा मोठा फोटो याची गरज नाही. उलट देवाचा फोटो छापलेला डबा माणसाला टाकवत नाही आणि मग तो कुठेतरी पायदळी येतो.

आता पैशाचं बोलू. खरं सांगू का, बायकांचा धंदा चवीत मार खात नाही, हिशेबात खातो. तू किलोभर खव्याचा भाव 300 रुपये सांगितलास, कारण सगळे तेवढाच घेतात म्हणालीस. बस माझ्याजवळ, मांडू आपण. धर, म्हशीचं दूध 50 रुपयांनी साडेचार लिटर, 225 झाले. सरपण किंवा गॅस 40. डबा आणि गाडीभाडं 25. इथपर्यंत 290. मग भट्टीसमोर उलथणं फिरवत तू दोन तास उभी राहतेस ते? तासाला 50 रुपये धरले तरी 100. एकूण 390. म्हणजे 300 ला विकताना तू दर किलोमागे स्वतःच्या मजुरीतले 90 रुपये गिऱ्हाईकाला देतेस. तुझे आकडे वेगळे असतील, तुझे घाल. पण स्वतःची मजुरी त्यात लिहायचीच. शेजारच्या बाईला कामाला बोलावलंस तर तिला पैसे देशीलच ना? मग स्वतःचे का बुडवतेस? हिशेब झाल्यावर कदाचित कळेल की नुसता खवा विकणं परवडत नाही, पेढा करून विकणंच बरं. हे आज कळलेलं बरं, कर्ज काढल्यावर नको.

धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा एकत्र ठेवणं म्हणजे मीठ-साखर एका बरणीत भरणं बघ, नंतर काहीच वेगळं काढता येत नाही. बँकेत तुझ्या एकटीच्या नावाचं खातं काढ. फोनवरून येणारे पैसे त्याच खात्यात येऊ देत, नवऱ्याच्या किंवा दिराच्या नाही. यात भांडण्यासारखं काही नाही. उद्या कर्ज मागायला गेलीस तर बँक तुझ्या खात्यातली उलाढाल बघणार आहे, तुझ्या हाताची चव बघणार नाही.

आकड्यांची भीती वाटते म्हणालीस. तर माणदेशातल्या बायकांचं ऐक. म्हसवडला चेतना सिन्हांनी गावातल्या बायकांना घेऊन बायकांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्ज करणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या रडत बसल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या, परत अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, अमुक रकमेचं व्याज किती ते आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनी यंत्राशिवाय सांगावं. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या बायकांना अक्षरं येत नव्हती, पण हिशेब पक्का होता. तुला तर अक्षरंही येतात गं. बारावी झालेली आहेस तू.

आणि लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात ये. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार. मजुरी करणाऱ्या घरातली लेक. 500 रुपयांच्या भांडवलावर बांगड्या विकायला सुरुवात केली. पुढे कोंबड्या, शेळ्या, घरोघरी सौरदिवे आणि सुधारित चुली पोचवणं, बायकांची उत्पादक कंपनी, असं एकेक वाढत गेलं. 2017 चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. आता तू मला पकडशील, ताई, त्यांनी तर इतके धंदे केले, मग मला एकच का सांगतेस? अगं, त्यांनी ते एका सकाळी सुरू केले नाहीत. बांगड्यांची पेटी घेऊन दारोदार फिरताना कोणाला काय हवंय, कोण उधारी फेडतं, कोण बुडवतं हे कळत गेलं, आणि मग पुढचं पाऊल पडलं. एक जिन्नस हातात बसला की दुसरा घ्यायचा. तुझी चटणी मी रद्द केलेली नाही, रांगेत उभी केलीय.

कमलताईंसारख्या कितीतरी जणींच्या पाठीशी स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था होती, प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली. 30 सप्टेंबर 1993 ला मोठा भूकंप झाला. किल्लारी, उमरगा, लोहारा भागात गावंच्या गावं पडली. पुन्हा घरं बांधायच्या कामात गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. ज्या कधी ग्रामपंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या घराचा नकाशा कसा असावा, सिमेंट किती आलं, पाया नीट भरला की नाही, हे विचारायला लागल्या. तिथून बचत गट झाले, गटातून धंदे झाले, आणि पुढे दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी एक एकराची शेती धरली. घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या हातात, त्यात भाजी, डाळी, ज्वारी-बाजरी, शेणखत, कमी पाणी, आधी घरच्या ताटाला आणि उरेल ते बाजारात. 2016 साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

तुला हे मुद्दाम सांगतेय. परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव धरण आहे, साखर कारखाना आहे, ऊस दिसला की वाटतं आता सुबत्ता आली. पण पाऊस रुसला की दुधाचं काय होतं ते तू बघितलंयस. चारा महागतो, जनावरं बाजारात जातात. पेढ्यावरच सगळं घर उभं केलंस तर त्या वर्षी तू अडचणीत येशील. म्हणून घरी थोडी जमीन आहे ना, त्यातला एक तुकडा भाजी-डाळीला मागून घे. आणि पेढ्याच्या पैशातून दर महिन्याला थोडे वेगळे काढ, फक्त कोरड्या वर्षासाठी. चटणीही तेव्हाच कामाला येईल, तिला दूध लागत नाही.

बरं, आता घर. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण तुझ्या बोलण्यात मला एक गोष्ट खटकली. धंद्यात तू मदतीला एक बाई ठेवायचा विचार करतेस आणि घरातलं एक भांडंही दुसऱ्याच्या हाताला लावू द्यायला तयार नाहीस. चार भाज्या, गरम भाकरी, सारवल्यासारखा लख्ख ओटा, सगळ्यांचे डबे, आणि मग सहा वाजता भट्टी. का गं? घर उत्तम असणं म्हणजे ओटा लख्ख असणं नव्हे. घरातल्या कुणाला कुणाची भीती वाटत नाही, आजारी माणसाला वेळेवर औषध मिळतं, पोरं आईशी मोकळं बोलतात, आणि आई रात्री पुरेशी झोपते, ते घर उत्तम. भाजी एक झाली तर कुणी उपाशी राहत नाही. गळीत हंगामात गावात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्या बायका पहाटे कोयता घेऊन निघतात तेव्हा त्यांच्याकडे बघ. अंगावर झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं घेतलेल्या बाईचं शरीर किती लवकर झिजतं ते तुला कुणी समजवायला नको.

नवऱ्याशी बोल, पण वैतागून नाही. रात्री जेवणं झाल्यावर वही त्याच्यापुढे ठेव. या महिन्यात एवढं आलं, एवढं गेलं, एवढं उरलं. मग सांग, सकाळची दूध आणायची खेप तुम्ही करा आणि संध्याकाळी लेकीला अभ्यासाला तुम्ही बसवा, म्हणजे मला पेढे वळायला सलग वेळ मिळेल. माणूस भला आहे तुझा, त्याला नुसतं कुणी नेमकं सांगितलेलं नाही. 'मला मदत करा' म्हटलं की कुणालाच काही कळत नाही. नेमकं काम आणि नेमकी वेळ सांगितली की कळतं. लेकीला मात्र दहावीच्या वर्षात भट्टीला जुंपू नकोस. तिने हिशेबाची वही तपासली तर चालेल, गणित पक्कं होईल.

सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना कोपऱ्यात बसवून ठेवू नकोस. पेढ्याची चव बघायचं काम त्यांना दे, आणि मनापासून दे. त्यांच्या जिभेला जे कळतं ते तुझ्या तोलकाट्याला कळत नाही. आज करपट वास आला म्हणाल्या तर तो घाणा विकायचा नाही, बस. बघ, त्यांनाही वाटेल की हा धंदा आपलाही आहे. डॉक्टरांकडे मात्र एकदा नेच.

आणि तू स्वतः? रक्त कधी तपासलंयस? थकवा येतो, जिना चढताना धाप लागते, केस गळतात म्हणालीस आणि पुढच्या वाक्यात चटणीवर गेलीस. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. कमी निघालं तर गोळ्या नेमाने घे, चहाबरोबर नको. हे काम पेढ्याच्याही आधीचं आहे.

एक कागदाचं काम राहिलं, ते कुणी सहसा सांगत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कित्येक नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. तू लगेच जमीन मागायला जाऊ नकोस, पण ज्या घरात भट्टी आहे त्या घराच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या नावाबरोबर तुझंही नाव असू दे. ग्रामपंचायतीत अर्ज करायचा असतो. घरात सगळं गोडीत असताना ही कामं होतात, तेव्हाच करून घ्यावीत.

कर्जाची घाई नको. वहीत सहा महिन्यांचा हिशेब जमला की मग बघू. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं, तुला सुरुवातीला तेवढंही लागणार नाही. मोठी कढई, मोटरचं उलथणं, थंड पेटी असं घ्यायचं झालं तर 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत खर्चाच्या 35 टक्के अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेताहेत का ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचार. उमेदच्या बचत गटातल्या ताईला बरोबर ने, तिला कागद कुठले लागतात ते माहीत असतं. आणि कुणी एजंट म्हणाला, मी करून देतो, इतके द्या, तर तिथूनच परत फिर.

बार्शीच्या दुकानाचं म्हणशील तर आत्ता नको. दुकानदार महिन्याने पैसे देणार, उरलेला माल परत करणार, आणि उन्हाळ्यात शिळा झालेला पेढा तुझ्या नावावर खपणार. आधी गावातलं आणि देवळासमोरचं गिऱ्हाईक पक्कं कर. रोजचा पेढा रोज संपायला लागला, आणि दुपारी चारला 'आज संपला' असं सांगायची वेळ आली, की बार्शीचा माणूस आपणहून तुला विचारत येईल. तेव्हा रोखीत दे, उधारीत नको.

तर आता असं कर. या आठवड्यात रक्त तपासून ये, बँकेत खातं काढ आणि तोलकाटा घे. अन्न सुरक्षेची नोंदणी यात्रेच्या आधी झाली पाहिजे, तिच्याशिवाय डबे छापायला टाकू नकोस, कारण नोंदणीचा नंबर डब्यावर लागतो. पहिल्या महिन्याची वही भरली की फोटो काढून मला पाठव, आपण दोघी बसून बघू. आणि तो 300 चा भाव उद्यापासून बंद.

तुझी,
ताई